मांडीवर मावणारी गिटार

माझी उंची चार फूट आठ इंच. आता म्हातारपणाने त्यातलाही अर्धा-पाऊण इंच खाल्ला असेल. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' हे ज्या ज्या माणसाने मला ऐकवलं, त्याच्याशी मी पुन्हा धड बोललेली नाही. असं म्हणणाऱ्याला कीर्तीशी काही देणंघेणं नसतं, त्याला तुमच्या मूर्तीबद्दलच बोलायचं असतं. वर आपण कौतुक केलं असंही त्याला वाटत असतं.

उंच माणसांना एक गोष्ट कधीच कळत नाही. ती ज्या जगात राहतात ते त्यांच्या मापाने शिवलेलं आहे. मी शाळेत बाकावर बसले की पाय लोंबकळायचे. घरची सायकल बाबांची, तिच्यावर चढायला मला रस्त्याकडेचा दगड शोधावा लागायचा. कपडे तर आमच्याकडे सगळ्यांचेच वाढत्या अंगाचे शिवत. मी बावीस वर्षांची झाले, बालवाडीत शिकवायला लागले, तरी आई शिंप्याला सांगायची, "जरा सैल ठेवा, अंग धरंल पोरगी." अंग काही धरलं नाही. झंपरच्या बाह्या मात्र कायम कोपराच्या खाली आल्या.

आमचं गाव नगरपासून एस.टी.ने दीड तासावर. गावाच्या एका टोकाला मिशनचं कंपाउंड होतं. त्यात देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), दवाखाना, शाळा, आणि जिथे शाळेचे बाक न् दवाखान्याच्या खाटा बनत ते सुतारकामाचं वर्कशॉप. बाबा त्या वर्कशॉपमध्ये सुतार होते. लाकडापुढे त्यांच्यासारखा माणूस नव्हता आणि माणसांपुढे त्यांच्यासारखं लाकूड नव्हतं. चार लोक समोर आले की त्यांचे शब्द आतल्या आत विरायचे.

देवळाच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, मी गायची. वाद्यं तीन होती, पेटी, तबला आणि गिटार. क्वायर चालवायचे ते मास्तर प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळेतली छडी ते देवळात आणत नसत, एवढाच काय तो फरक. गिटार त्यांनीच मुंबईहून आणलेली आणि त्यांचा उंचपुरा पुतण्या ती वाजवायचा. एकदा सराव संपल्यावर मी ती मांडीवर घेतली. पोट इतकं रुंद की वरून उजवा हात टाकताना माझा खांदा कानाला लागला आणि हनुवटी लाकडावर टेकली. डाव्या हाताची बोटं दांडीवरच्या एका पडद्यावरून दोन पडदे पलीकडे पोचेनात. कशीबशी पोचली तर लोखंडी तार दांडीपासून एवढी उंच, की ती दाबताना बोटाला चरा पडला. मास्तर दारातून बघत होते.

"तू गिटार वाजवतीयस का गिटार तुला?" ते म्हणाले.

सगळा क्वायर हसला. मग मास्तरांनी उपदेशाचा सूर लावला. "तुझ्या हाताला खंजिरी बरी. देवाने हात केवढा दिलाय ते बघून माणसाने वाद्य धरावं." मी गिटार खाली ठेवली आणि घरी आले. बोटातून रक्त येत होतं, पण ते मी त्यांना दिसू दिलं नाही.

मला गिटार हवीच होती, आणि त्याला कारण होतं. बालवाडीत चाळीस पोरं. पेटी वाजवायची तर एक हात भात्यावर, मान खाली, पोरांकडे अर्धी पाठ. तेवढ्यात मागे कुणी कुणाला चावलेलं असायचं. गिटार घेऊन पोरांच्या समोर बसता येतं, त्यांच्या तोंडाकडे बघत गाता येतं. दुसरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. या जगात एक तरी वस्तू माझ्या मापाची असावी, माझ्यासाठी कुणी सैल न ठेवलेली, एवढीच माझी इच्छा होती. माझ्या पगारातून आईला घरखर्चाला देऊन जे उरे ते मी वर्षभर साठवलं. साठ रुपये झाले.

बाबांना घेऊन मी नगरला गेले. बाजारात एक वाद्यांचं दुकान होतं. लग्नाच्या बँडची पितळी वाद्यं, पेट्या, ढोलक्या आणि वर हुकाला टांगलेल्या चार गिटारी. दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

त्याने माझ्या डोक्यावरून बाबांकडे पाहिलं. "मुलगा केवढा आहे?"

मी पुन्हा सांगितलं. त्याने एक मोठी गिटार खाली काढली आणि माझ्या हातात न देता गल्ल्याजवळ ठेवली. मी ती उचलली आणि बसायला जागा नव्हती म्हणून उंबऱ्यावर बसले. "ताई, हे दुकान आहे," तो म्हणाला. मी म्हणाले, "चप्पल घेताना पायात घालून बघतातच ना?" तो प्रत्येक गिटार खाली काढताना असा सुस्कारा सोडायचा की जणू मी त्याच्या घरातली भांडी मागतेय. तीन गिटारी मास्तरांच्या गिटारीच्या बहिणी. चौथी थोडी लहान होती. तीही मांडीवर नीट बसेना आणि तिच्या तारा एवढ्या उंच की खालून पेन्सिल गेली असती. बाबांनी ती हातात घेतली, एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली आणि हळूच म्हणाले, "दांडी वाकलीय. कच्चं लाकूड वापरलंय."

"सुतार आहात का?" दुकानदाराने टोमणा मारला.

"व्हय," बाबा म्हणाले.

काचेच्या कपाटात एक लहानशी परदेशी गिटार होती. तिची किंमत माझ्या तीन पगारांहून जास्त. तिला हात लावायचं मी नावही काढलं नाही. शेवटी दुकानदाराने शहाणपण शिकवलं, "मोठीच न्या. पैसे तेवढेच, माल जास्त. हात बसेल हळूहळू." दुकानदारांनी असं बोलायचंच असतं. पण मागून माझे बाबाच म्हणाले, "घे की. वाढत्या अंगाची असलेली बरी."

"बाबा, मी बावीस वर्षांची आहे. अजून किती वाढू?"

दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. आम्ही रिकाम्या हाताने परतीची एस.टी. धरली.

दवाखाना चालवणाऱ्या गोऱ्या मडमसाहेब गेली कित्येक वर्षं गावात होत्या. त्या माझ्यासारख्याच बुटक्या होत्या, फक्त त्यांना कुणी तसं म्हणायची हिंमत करत नसे. त्यांच्याकडे एक गिटार आहे हे मला ठाऊक होतं, पण ती मी कधी जवळून पाहिली नव्हती. नगरहून आल्यावर दोन-तीन दिवसांनी पोरांची औषधं आणायला गेले, तर त्या व्हरांड्यात ती पुसत बसलेल्या. माझी नजर कुठे आहे हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी काही न विचारता ती माझ्या मांडीवर ठेवली.

ती बसली. दुसरा शब्द नाही, बसली. कंबर मांडीच्या खोबणीत, उजवा हात सहज वरून खाली, खांदा जागच्या जागी, हनुवटी मोकळी. दांडी आखूड, त्यामुळे पडदे जवळजवळ, आणि माझी करंगळी आयुष्यात पहिल्यांदा जिथे जायला हवी तिथे गेली. तारा नायलॉनच्या होत्या, दांडीला लगटून. दाबल्या की दबायच्या. आवाज मोठा नव्हता, पण चाळीस पोरांना पुरेसा होता. मी रडले नाही. मला उलट रागच आला. इतकी सोपी गोष्ट होती तर!

त्या पावसाळ्यात मी दर शनिवारी त्यांच्या व्हरांड्यात बसायची. पावसाळा म्हणायचा एवढंच, पाऊस नव्हताच. सलग दुसरं-तिसरं कोरडं वर्ष. गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि रेशनवर लाल मिलो, ती परदेशातून आलेली ज्वारी, मिळत होती. मी तीन कॉर्ड शिकले, मग पाच. पोरांची चार गाणी बसवली. दिवाळीच्या सुमारास मडमसाहेब म्हणाल्या की त्या मायदेशी जाणार आहेत, कायमच्या. सामान वाटून टाकत होत्या. मी गिटारीकडे पाहिलं, तर म्हणाल्या, "मी एकाला दिली तर दहा रुसतील. मी ही सुगीच्या सणाला देवाला देते. लिलाव होईल. तू पैसे घेऊन ये. दुसऱ्या कुणाला ती नको आहे." आणि त्यांनी मला नायलॉनच्या तारांचं एक जादा पुडकं देऊन बजावलं, हिला लोखंडी तारा कधी लावायच्या नाहीत. लाकूड पातळ आहे, ओढ सोसणार नाही.

मला त्या बाईचा अजून राग आहे. वीस वर्षं गावात काढून तिला गाव कळलं नव्हतं. सरळ पैसे मागितले असते तर मी साठच्या साठ रुपये तिच्या हातावर ठेवले असते.

आमच्या मंडळीत, म्हणजे देवळाच्या सभासदांत, सुगीचा सण असा होई. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं असेल ते त्याने देवळात आणायचं. भोपळे, कणसं, अंडी, कोंबड्या. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. पैसा मंडळीचा. पण त्यात एक रीत होती. ज्याने वस्तू घेतली त्याने पैसे भरून ती हातात उंच धरायची आणि म्हणायचं, "परत देवाला." मग लोक टाळ्या वाजवायचे आणि त्याच वस्तूचा पुन्हा लिलाव व्हायचा. एकेक भोपळा चार-चार वेळा विकला जायचा. असं म्हणणारी माणसं ठरलेली होती. दवाखान्याचे कंपाउंडर, किराणा दुकानवाले, पलटणीतून रिटायर झालेले एक हवालदार आणि आमचे मास्तर. बाकीचे एखादी वस्तू घ्यायचे आणि गुपचूप घरी न्यायचे, कारण घरी ती खायची असायची. बाबा दर वर्षी एक दुधी नाहीतर पाच-सहा कणसं घ्यायचे. डोकं खाली घालून पिशवीत टाकायचे आणि माणसांच्या मागे जाऊन उभे राहायचे.

त्या वर्षी पिकलं काहीच नव्हतं. देवळाचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, यांनी सांगितलं, घरात जे असेल ते आणा. लोकांनी पितळी तांब्या आणला, कंदील आणला, न नेसलेलं लुगडं आणलं, भिंतीवरचं घड्याळ आणलं. देवळाच्या पायरीवर सगळा संसार मांडल्यासारखा दिसत होता. त्यात मधोमध ती गिटार.

लिलावात बायका बोलत नसत. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण बोलली असती तर वर्षभर तोच विषय झाला असता. म्हणून मी रुमालात बांधलेले साठ रुपये बाबांना दिले. तीन वेळा समजावलं. साठपर्यंत जा, पुढे नको, आणि घेतली की सरळ माझ्याकडे आणा. "कळतंय गं मला," बाबा म्हणाले. मी बायकांच्या सतरंजीवर अगदी कडेला बसले.

दहापासून सुरुवात झाली. मास्तर वीस म्हणाले. बाबांनी पंचवीस म्हटलं, इतक्या हळू की पुकारणाऱ्याला परत विचारावं लागलं. मास्तरांनी वळून पाहिलं. त्यांना आश्चर्य वाटलं असावं. तीस, पस्तीस असं करत बाबा पन्नासवर आले आणि मास्तरांनी खांदे उडवले. एक वार, दोन वार, तीन वार. बाबा पुढे गेले, पैसे भरले, गिटार घेतली. मी सतरंजीवरून उठून निम्म्या अंगणात पोचले होते.

तेवढ्यात बाबा मंडळीकडे तोंड करून उभे राहिले. दोनतीनशे माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी गिटार दोन्ही हातांनी उंच धरली आणि म्हणाले, "परत देवाला."

आवाज खणखणीत होता. तसा आवाज त्यांच्या गळ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

अंगण टाळ्यांनी भरून गेलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, दुष्काळात एक गरीब सुतार देवाला पन्नास रुपये देतो, हे बघा. मी अंगणाच्या मध्ये उभी होते. ओरडून सांगता आलं असतं, ती माझी आहे, पैसे माझे आहेत. पण देवाला दिलेली वस्तू सगळ्यांसमोर परत मागणारी बाई म्हणजे काय, हे ज्याला गावात राहायचंय त्याला विचारा. रुमालात दहा रुपये उरले होते. पुकारा पुन्हा सुरू झाला आणि मास्तरांनी तीस रुपयांत गिटार घेतली. "क्वायरसाठी," ते म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, "हे काय केलंत?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "ऐकून ऐकून तोंडात बसलंय गं. गेलं निघून."

"मग आत्ता पाळकसाहेबांकडे जा. सांगा, चुकून बोललो. पैसे पोरीचे होते."

"आता कसं जायचं?"

आई मिलोची भाकरी थापत होती. म्हणाली, "चूक झाली मान्साकडून. सोड आता." मी भाकरी तशीच टाकून उठले. वर्षाचे पैसे, एकुलती एक वस्तू, आणि कारण काय तर तोंडातून निघून गेलं. बाप मूर्ख आहे हे त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं. खरं सांगायचं तर त्यामुळे थोडं बरं वाटलं. मूर्खाला माफ करायचं की नाही हे आपल्या हातात राहतं.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे गेले. म्हटलं, बालवाडीसाठी रोज तासभर द्या, मीच आणून पोचवीन. ते म्हणाले, "मंडळीची वस्तू घरोघर फिरवायची नसते." मी क्वायर सोडला. कुणी थांबवलं नाही.

पुढच्या महिन्यात कळलं की मास्तरांना त्या गिटारीचा आवाज फार नाजूक वाटतो आणि त्यांनी नगरहून लोखंडी तारा मागवल्यात. मी पुन्हा गेले, राग गिळून गेले. मडमसाहेबांनी काय बजावलं होतं ते शब्दाला शब्द सांगितलं. मास्तर हसले. "वाजवता येतात पाच कॉर्ड आणि निघाली मला शिकवायला. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे." तारा चढवल्या. नाताळच्या आधीच्या रविवारी, भर उपासनेत दुसऱ्या गीताच्या मध्ये लाकूड फाटल्याचा आवाज आला. तारांखालची घोडी वरच्या फळीचा ढलपा घेऊन उखडली होती आणि सगळ्या तारा पुतण्याच्या मनगटावर बसल्या. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आणि लगेच आठवलं, फाटली होती ती माझी गिटार होती.

मास्तरांनी ती वर्कशॉपमध्ये नेऊन बाबांपुढे टाकली. "जळणात घाल, नाहीतर पोरीला दे. तिला हवी होती ना?" बाबांनी ती सायकलला न बांधता हातात धरून, सायकल एका हाताने ढकलत घरी आणली. आठ दिवस ते कामावरून आले की ओट्यावर तिच्यापुढे बसायचे. जुना सरस खरवडून काढला. फळीच्या आतून सागाची पातळ पट्टी बसवली. ढलप्याचा तुकडा तुकडा जागेवर चिकटवला. डब्यात सरस उकळून घोडी लावली आणि वर कापडाची घडी ठेवून दोरीने आवळून ठेवली. मी आतबाहेर करायची. मदत केली नाही, आणि बघायचीही सोडली नाही. काम सुंदर झालं होतं. जोड बोटाला लागत नव्हता.

आठव्या दिवशी मी पुडक्यातल्या नायलॉनच्या तारा आणून ओट्यावर ठेवल्या. बाबांनी एकेक ओवली. चौथी तार लावता लावता, मान वर न करता म्हणाले, "मी चुकून न्हाई म्हनलो."

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत.

"तीस वर्सं मान खाली घालून दुधी पिशवीत टाकला. त्या दिशी समदी मंडळी माझ्याकडं बघत हुती. मला म्हनायचंच हुतं. तुज्या पैशावर म्हनलो." मग पाचवी तार लावली, सहावी लावली, आणि गिटार माझ्यापुढे धरली. "वाजीव बरं. बघू सूर धरतीय का."

मी ती त्यांच्या हातातून घेतली. मूर्ख बापाला मी कधीतरी माफ केलं असतं. हा मूर्ख नव्हता. याला सगळं माहीत होतं. रुमाल कुणाचा, वर्ष कुणाचं, मापाची वस्तू म्हणजे मला काय, हे सगळं माहीत असून तो दोन टाळ्यांसाठी उभा राहिला होता.

"तुमच्यासमोर नाही," मी म्हणाले. "तुम्हाला ती कधी ऐकायला मिळणार नाही."

आणि मी शब्द पाळला. बालवाडीत ती रोज वाजवली. लोकांच्या घरी, शेजारच्या गावात बारशाला, नंतर बोलावलं तेव्हा देवळातसुद्धा वाजवली, पण बाबा तिथे असले तर हात लावला नाही. त्यांना ताप आहे, ते येणार नाहीत, असं कळलं तरच गिटार न्यायची. घरी ते कामावर असताना वाजवायची. संध्याकाळी कोपऱ्यावर त्यांचा खोकला ऐकू आला की मी गिटार पिशवीत घालून खुंटीला अडकवायची. ते आत यायचे, खुंटीकडे बघायचे, पाय धुवायला जायचे. कधी मागणी केली नाही. लाकडाच्या भुशाने त्यांची छाती धरली होती, असं मी समजत होते. अकरा वर्षं हे असं चाललं. लग्न मी केलं नाही, त्यामुळे घर सोडायचाही प्रश्न आला नाही. बोलायचो आम्ही. मीठ कमी आहे, बिल भरलं का, एस.टी. किती वाजता. त्यापलीकडे काही नाही.

ते गेले ते झोपेतच गेले. दहाव्या-बाराव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी गिटार काढली. आई तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणाले, "आता खोकला ऐकायला कान द्यायला नको." हे वाईट बोलणं होतं आणि मला ते वाईटच बोलायचं होतं.

आई म्हणाली, "त्यांस्नी खोकला कवा हुता?"

मी तारांवरचा हात काढला.

"कोपऱ्यावरल्या लिंबाखाली सायकल धरून हुबे ऱ्हायाचे. तुजं गानं सरंस्तवर. मंग खोकायचे, तुला ती ठेवाया येळ मिळावा म्हनून. मंग यायाचे घरी."

"रोज?"

"पाऊस असला तरी."

"मला का नाही सांगितलंस?"

आईने सुपातला एक खडा बाहेर टाकला. "शपथ घातली हुती मला. म्हनले, तिला कळलं तर वाजवायची बंद करंल."

खरं होतं ते. मी बंद केली असती.